दोन तळहातांचे दोन टक्के : सोलापुरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना खुलं पत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी कटिंग मास्तर. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात २६ वर्षं कापड कापतोय, आणि त्यातली १९ वर्षं सोरायसिस, म्हणजे पापुद्रे निघणारा कातडीचा आजार, घेऊन कापतोय. या काळात तुमच्यापैकी पाच-सहा जणांसमोर बसून झालंय. कुणी वाईट वागलं नाही. तरी औषध ठरवताना दर वेळी काहीतरी राहून जायचं. ते काय, हे मला उशिरा उमगलं, म्हणून हे लिहितोय. नाव घालत नाही, कारण पोरीचं लग्न व्हायचंय आणि आपला समाज तुम्हाला माहीत आहे.

आमच्या टेबलावर कापडाचे साठ-साठ थर अंथरलेले असतात. वरच्या थरावर खडूनं मार्किंग करायचं आणि मशीन फिरवायचं. नेव्ही ब्ल्यू कापड असलं की तळहाताचे पापुद्रे त्यावर पांढरेशुभ्र दिसायचे. पहिली दोन वर्षं मी ते खडूची भुकटी म्हणून झटकत होतो. एक दिवस हाताखालचा पोरगा म्हणाला, "मास्तर, आज कापड खाकी, खडू निळा. मग ही पांढरी भुकटी कुठली ओ?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि नंबर लावला.

पहिल्या डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून बघितले, कोपर बघितलं, पाठ बघितली आणि केस पेपरवर लिहिलं : सोरायसिस, माइल्ड. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. माइल्ड म्हणजे सौम्य. त्या दिवसांत मी जेवताना कडक भाकरी मोडायला बायकोला द्यायचो, आणि शेंगाचटणी चमच्यानं खायचो. तळहाताच्या भेगेत ती चटणी गेली की डोळ्यांतून पाणी. लग्नाच्या पंगतीत चमचा मागणारा माणूस सोलापुरात कसा दिसतो, ते सांगायला नको. कात्रीच्या कडीत अंगठा घातला की रक्त यायचं, आणि कागदावर सौम्य.

डॉक्टरांनी चूक लिहिलं नव्हतं. हिशेब मला फार नंतर कळला, मुलीमुळं. ती बी.फार्म. करतेय. तिनं समजावलं की रुग्णाचा पंजा बोटांसकट धरला तर तो अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. तीन टक्क्यांच्या आत असलं तर माइल्ड, दहाच्या वर गेलं तर सिव्हिअर. माझे दोन तळहात म्हणजे दोन टक्के. दुसरं माप पासी नावाचं, शून्य ते ७२. लाली किती, जाडी किती, पापुद्रे किती आणि जागा किती व्यापली, याचा त्यात गुणाकार असतो. डोक्याला १० टक्के वजन, हातांना २०, धडाला ३०, पायांना ४०. आजार नुसता तळहातांवर असेल तर तो कितीही भडकू दे, आकडा पाचच्या आतच राहतो. मुलीनं कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा मी हसलो. ७२ पैकी पाच! एवढ्या मार्कांवर तर कुणी दवाखान्यातसुद्धा घेणार नाही.

मापाशी माझं भांडण नाही, माझं पोटच मापावर आहे. पण टेप कुठं लावलाय, हे आधी बघायला लागतं. छातीचं माप घेऊन पँट बेतली तर कापडाचा दोष नसतो. तुमच्यातल्या जाणत्यांनाही हे पटलेलं आहे. इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलनं २०२० मध्ये सांगितलं की माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे सोडा. नुसत्या मलमावर भागेल का, की गोळ्या-इंजेक्शनं लागतील, एवढंच ठरवा. आणि तळहात, तळपाय, डोकं, चेहरा, नखं किंवा गुप्तांगावर असेल, किंवा मलमानं भागलं नसेल, तर जागा कितीही थोडी असो, तो रुग्ण दुसऱ्या गटात धरा. म्हणजे माझे दोन टक्के मोजण्यात आले, पण १३ वर्षं उशिरा.

जागेचंच निघालं म्हणून सांगतो. १९ वर्षांत मला कुणी विचारलं नाही की जांघेत आहे का. आहे. शर्ट वर करा म्हणतात, पायजमा गुडघ्यापर्यंत घ्या म्हणतात, तिथं तपासणी संपते. मी होऊन कसं सांगू? पडद्यामागं पुढचा पेशंट बसलेला असतो, शेजारी बायको असते आणि कंपाउंडर दार उघडं ठेवून नावं पुकारत असतो.

मुलीनं एकदा एक कागद आणला, दहा प्रश्नांचा. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरातल्या त्वचारोगवाल्यांनी १९९४ मध्ये तयार केलेला. गेल्या आठवड्यात खाज किती आली, लाज किती वाटली, कपडे कुठले घालायचे ते त्यामुळं ठरलं का, कामावर अडलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण तीस. ती वाचत गेली, मी सांगत गेलो. आठ प्रश्न झाले. नववा वाचायला तिनं तोंड उघडलं आणि थांबली. कागद माझ्यासमोर ठेवला, "पप्पा, हा तुमचा तुम्ही भरा, मी चहा टाकते" म्हणाली आणि आत गेली. नववा प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा होता. मी त्यावर तीन लिहिलं. बेरीज १९ आली. त्या कागदाच्या हिशेबानं दहाच्या वर म्हणजे आजारानं जगण्याला चांगलाच फास घातलाय. एकाच माणसाचा एकाच आठवड्यातला आजार, एका मापानं ७२ पैकी पाच आणि दुसऱ्यानं ३० पैकी १९.

आता माझ्या बाजूची घाण काढतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तर आम्हालाच शिकवायला बसले.

मी तुमच्याशी खोटं बोललोय. एकदा नाही, कितीतरी वेळा. "मलम दोन वेळा लावता ना?" हो. लावत नव्हतो. सकाळी मलम लावलेल्या हातानं पांढऱ्या शर्टाच्या कापडाला हात लावला की डाग पडतो आणि तो गठ्ठा माझ्या पगारातून जातो. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलियम जेली हातावर नुसती पाझरते. आणि "दिवसातून दोनदा कोमट पाण्यात हात बुडवून मग लावा" म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यासमोर घरातला बॅरल येतो. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत राहतो मी. मलम रात्री लावायचो, तेही तेलकट चादर धुवायची कुणी म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री. तुम्हाला वाटायचं औषध लागू पडत नाही. मग तुम्ही त्याहून कडक मलम लिहायचा.

"दारू?" नाही. बायको शेजारीच बसलेली असायची ना.

"बाहेरचं काही घेतलं?" हे सगळ्यांत वाईट. एका वैदूच्या तांबड्या पुड्या घेतल्या. तीन आठवड्यांत हात लहान पोराच्या गालासारखे झाले. मी चौघांना त्याचा पत्ता दिला. पुड्या संपल्या, वैदूचा तंबू उठला आणि दहाव्या दिवशी अंगभर लाल होऊन पूवाचे बारीक फोड आले. थंडी वाजून ताप. नऊ दिवस अ‍ॅडमिट. तेव्हाही विचारलं तर मी नाहीच म्हणालो. पुडीत बहुधा स्टेरॉइड असावं आणि ते एकदम बंद झालं की सोरायसिस असा उसळतो, हे तिथल्या डॉक्टरांनी मला न विचारताच ओळखलं. रागावलेही. पण त्यांच्या रागानंतर मी पुढच्या डॉक्टरांकडं गेलो, आणि तिथंही पुडीचं सांगितलं नाही. माझं वागणं बरोबर होतं असं म्हणत नाही. रागावलेल्या माणसाला पेशंट दुसऱ्यांदा खरं सांगत नाही, एवढंच सांगतोय.

तुमची बाजू मला एकाच संध्याकाळी कळली, आणि तीही लाइट गेल्यामुळं. शेवटचा नंबर माझा होता, कॉम्प्युटर बंद, कंपाउंडर इन्व्हर्टरशी खटपट करत होता. डॉक्टर खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "मास्तर, मेथोट्रेक्सेटची गोळी मी तुम्हाला चार महिने टाळली. का माहितीये?" मी म्हटलं, महाग असेल. ते हसले. म्हणाले, स्वस्त आहे, म्हणूनच भीती. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जातो. लिव्हरवर लक्ष ठेवायला रक्त तपासत राहावं लागतं. दारू चालत नाही. "तुम्ही सांगता घेत नाही, आणि रिपोर्ट दुसरंच सांगतोय. तपासणीला बोलावलं की दोनदा येता, तिसऱ्यांदा गायब. जो परत येईल की नाही याची खात्री नाही, त्याच्या हातात ती स्ट्रिप देताना माझाच हात थांबतो."

आणखी एक बोलले ते मनातून जात नाही. कडक स्टेरॉइडचं मलम लिहिताना त्यांना माझ्या आजच्या हाताची काळजी नसते. हीच ट्यूब मी मेडिकलमधून न विचारता वर्षभर आणत राहीन, घरात कुणाला गजकर्ण झालं तर त्यालाही लावेन, याची असते. २०१८ मध्ये सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून यादीत घातली. पण ट्यूबचं रिकामं टोक दाखवलं की अजूनही मिळते, मी स्वतः आणलीय. कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि मग दोष कुणाचा? गुण आला तर देवाचा, उलटलं तर डॉक्टरचं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खरं बोललो. दारू, पुड्या, मलमाच्या रात्री, जांघ, सगळं. वीस मिनिटं लागली असतील. लाइट आली तेव्हा औषध ठरलं होतं.

तरी पहिल्याच आठवड्यात मी चुकलो. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, मेडिकलवाल्यानं पाकिटावर नुसत्या रेघा मारल्या. मी सोमवारी घेतली, मंगळवारीही घेतली. बुधवारी मुलीनं स्ट्रिप बघितली आणि पांढरी पडली. तिनं तिथल्या तिथं फोन लावला आणि त्या आठवड्यात धावपळ करून रक्त तपासलं. नशीब, दोनच झाल्या होत्या. आता तिनं पाकिटावर ठळक मराठीत लिहिलंय : "फक्त सोमवार". सिद्धेश्वराचा वार, विसरायची सोय नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी, वेगळ्या डबीत. डॉक्टर, हा वार तुम्हीच चिठ्ठीवर मराठीत लिहा की. या गावात घराघरांत तेलुगू आहे, कन्नड आहे, दखनी आहे. बिड्या वळणाऱ्या बाईला तिच्या भाषेत वार विचारून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. आणि लेकरूबाळ व्हायच्या वयाची बाई असेल तर या गोळीवर दिवस राहून चालत नाही, हेसुद्धा सासूसमोर नाही, एकटीला सांगा.

सीझनचं सांगायचं राहिलं. आमच्या धंद्यात फेब्रुवारी ते जून मान वर करायला फुरसत नसते. शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे. मला एकदा बरोब्बर एप्रिलमध्ये लाइट ट्रीटमेंट सांगितली होती. नॅरोबँड अतिनील किरणं, आठवड्यातून तीन दिवस, दोन-अडीच महिने. औषध चांगलं, पोटात काही जात नाही. पण तीन अर्धे दिवस गेले की माझ्या जागी दुसरा मास्तर उभा. मी चार वेळा गेलो आणि बंद केलं. कागदावर लिहिलं गेलं : पेशंटनं उपचार अर्धवट सोडले. "ऑगस्टमध्ये जमेल का?" असा एक प्रश्न आला असता तर मी सगळ्या बैठका पुऱ्या केल्या असत्या. ऑगस्टमध्ये आम्ही माश्या मारत बसलेलो असतो. ऊसतोडीला जाणाऱ्याचा सीझन वेगळा, गड्ड्याच्या यात्रेत दुकान लावणाऱ्याचा वेगळा. तुम्ही आमचं वय आणि वजन लिहून घेता, सीझनही लिहून घ्या.

पैशाचं बोलायला तुम्ही लाजता, आम्ही त्याहून लाजतो. बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे संरक्षणयंत्रणेचा नेमका भाग दाबणारी महागडी औषधं, असतात हे मला मुलीकडून कळलं, तेव्हा त्यांना भारतात येऊन कित्येक वर्षं झाली होती. त्यातल्या अ‍ॅडॅलिम्युमॅबचं देशी रूप २०१४ मध्येच निघालंय. मी विचारलं तर एक डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला झेपायचं नाही." माझ्या शर्टाकडं बघून म्हणाले असावेत. झेपलं नसतंच, खोटं कशाला बोलू. पण प्लॉट विकायचा की नाही, हे मला ठरवू द्यायला हवं होतं. ज्यांच्याकडं त्या संध्याकाळी लाइट गेली, त्या लाइटवाल्या डॉक्टरांनी तीच गोष्ट वेगळी सांगितली. किंमत सांगितली, किती इंजेक्शनं लागतील ते सांगितलं, आणि मग विचारलं, घरात कुणाला टीबी झाला होता का? झाला होता, भावाला, यंत्रमागावर असताना. अशा इंजेक्शनांनी अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून आधी छातीचा फोटो आणि तपासणी लागते, असं त्यांनी समजावलं. शेवटी मीच म्हणालो, आधी गोळीवर बघू. दोन्हीकडं निकाल एकच, इंजेक्शन नाही. पण दुसऱ्या दवाखान्यातून मी घरी गेलो, आणि पहिल्यातून वैदूकडं गेलो होतो.

सांध्यांचंही विचारत जा, कारण तिथं उशीर झाला तर परत फिरता येत नाही. माझ्या नखांवर शिंप्याच्या बोटातल्या टोपीवर असतात तसे खड्डे आहेत. सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास वळत नसत. मला वाटायचं, कात्रीमुळं. सोरायसिसवाल्यांत दर दहांत तिघांपर्यंत सांधे धरू शकतात आणि नखांचे खड्डे ही त्याची खूण असू शकते, हे कळायला मला १५ वर्षं लागली. उजव्या हाताचं मधलं बोट आता पूर्ण सरळ होत नाही.

घरच्यांशी तुम्हीच दोन वाक्यं बोला, ही एक विनंती आहे. माझी आई गेली तोपर्यंत माझं ताट वेगळं धुवायची. गावाकडं एक चुलता उघड महारोग म्हणायचा. हा घोळ जुनाच आहे, युरोपातसुद्धा हे दोन आजार एकच समजले जायचे, १८४१ मध्ये हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी ते नीट वेगळे करून दाखवले. सोरायसिस लागत नाही, शरीराचीच संरक्षणयंत्रणा चुकीची चेतते आणि महिन्याभरात बदलणारी कातडी चार-पाच दिवसांत बदलायला लागते, हे मी बायकोला शंभरदा सांगितलं असेल. तिनं हो हो केलं. लाइटवाल्या डॉक्टरांनी तिच्यासमोर माझा तळहात स्वतःच्या हातात धरून, हातमोजा न घालता, तेच सांगितलं. त्या रात्री तिनं माझ्या हाताला मलम लावून दिलं. १९ वर्षांतलं पहिलं.

पुन्हा सांगतो, तुमच्याकडची गर्दी मला दिसते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, अगदी विजापूरपासून माणसं येतात, बाहेर चपलांचा ढीग असतो. प्रत्येकाला वीस मिनिटं द्या म्हणणं म्हणजे साठ थर एका हातानं कापा म्हटल्यासारखं आहे. पण आम्ही बाहेर दोन-दोन तास बसलेलो असतो. तेव्हा तो दहा प्रश्नांचा कागद मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये हातात द्या ना. वाचता येत नसेल त्याला कंपाउंडरनं कोपऱ्यात नेऊन विचारावं. आत आल्यावर तुम्ही एवढंच विचारा, "यातलं सगळ्यांत आधी काय थांबलं पाहिजे?" मी म्हटलं असतं, कात्री धरता आली पाहिजे. पाठीवरच्या चट्ट्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, आणि तुम्ही दोन वर्षं पाठ बरी करत होता. ती झालीही बरी.

सध्या सोमवारची गोळी चालू आहे. दर ठरलेल्या वेळी रक्त तपासतो, दारू सोडलीय (बायको शेजारी नसतानाही हेच सांगतो). तळहात पूर्ण साफ नाहीत, पण भाकरी माझी मी मोडतो. येत्या मंगळवारी नंबर आहे, चौदावा. दहा प्रश्नांचा कागद भरून खिशात ठेवलाय, नवव्यासकट. बेरीज सातवर आलीय. डॉक्टर, केस पेपरच्या आधी तो मागून घ्या, मी आपण होऊन काढीन की नाही सांगता येत नाही.

आपला नम्र,
एक कटिंग मास्तर
सोलापूर